तिसऱ्या रांगेतला संशयकल्लोळ

नव्या नाटकाला जायचं म्हटलं की आमच्या घरात एकच प्रश्न निघतो, "कसं आहे म्हणे?" उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. मग दोनच तिकिटं काढली जातात, दोघं जातात आणि येताना पावभाजी खाऊन येतात. 'संगीत संशयकल्लोळ' लागलं की मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. कथा सगळ्यांना पाठ, पदं पाठ, कुठल्या वाक्याला किती हशा पिकतो तेही पाठ. आणि ज्या विषयात नवीन कळण्यासारखं काहीही उरलेलं नसतं, त्या विषयावर आमच्याकडे प्रत्येकाला बोलायचं असतं. त्यामुळे या नाटकाला आमच्या घरून प्रेक्षक जात नाहीत, परीक्षक मंडळ जातं.

मंडळाचे अध्यक्ष नानाकाका. त्यांचा जन्म 1949चा. गंधर्व नाटक मंडळीनं 'संशयकल्लोळ' संगीत रूपात रंगमंचावर आणलं ते 1916 साली. बालगंधर्व, म्हणजेच नारायणराव, रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. हे दोन आकडे शेजारी मांडले तर काकांनी तो प्रयोग पाहिलेला असणं जरा अवघड आहे, पण काकांना आकड्यांचं दडपण कधी येत नाही. "रेवती पाहावी तर नारायणरावांची!" असं ते डोळे मिटून म्हणतात. ती रेवती मुळात आमच्या आजोबांनी पाहिली होती. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा वाडा आमच्या वडिलांकडे आला आणि रेवती काकांकडे गेली. काकांना आजही वाटतं की आम्ही फसलो.

ज्यांनी हे नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरायला धावतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका बघते. त्या गडबडीत रेवतीच्या हातून आश्विनशेठची तसबीर पडते. ती कृत्तिकेला सापडते, आणि ती तसबीर न्याहाळत असताना नेमकं तेच फाल्गुनराव बघतो. पुढे ज्याला जे दिसायला नको ते त्यालाच दिसत राहतं आणि प्रेक्षक पोट धरून हसत राहतात. नाटकातल्या पुरुषांची नावं महिन्यांवरून आणि बायकांची नक्षत्रांवरून. म्हणजे ज्यांची पत्रिकाही नावातच लिहिलेली आहे त्या माणसांनाही एकमेकांचा भरवसा नाही.

मूळ कल्पना मोलिएरची, 1660 सालची. तिच्यावरून आर्थर मर्फीनं इंग्रजीत नाटक लिहिलं आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत. देवलांचं नाटक आधी गद्य होतं, पदं नंतर आली. "नवरा-बायकोच्या संशयाचा हा मामला फ्रान्समधून इंग्लंडमार्गे आपल्याकडे आला," असं काका सांगतात. काकूंचं मत वेगळं आहे. "आणायला कशाला हवा होता? इथे काय कमी होता?"

तर हे नाटक पुन्हा लागलं आणि तिकिटं काढायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. घरात ज्याला गाता येत नाही त्यानं धावपळ करावी, असा आमचा नियम आहे. मी नाट्यपद गुणगुणायला लागलो की मुलगी उठून पंखा तपासते. आवाज कुठून येतोय म्हणून.

पूर्वी नाट्यगृहाच्या खिडकीवर खुर्च्यांचा प्लॅन असायचा. आपण म्हणायचं, "मधल्या द्या." आतला माणूस म्हणायचा, "मधल्या गेल्या." विषय संपला. आता तो प्लॅन फोनवर आला आहे आणि त्यासोबत माझ्या फोनभोवती आठ डोकी आली आहेत. आईला मधली खुर्ची हवी, कारण कडेला बसलं की नटाचा एकच गाल दिसतो. काकूंना कडेचीच हवी, कारण पाय लांब करता येतो. काकांना ऑर्गनच्या बाजूची हवी. मेहुण्याला काकांच्या शेजारची नको, कारण काका मांडीवर ताल धरतात आणि ती मांडी दर वेळी त्यांचीच असेल असं नाही. मेहुण्याच्या बायकोला मेहुण्याच्या शेजारची नको, कारण विचारायचं नाही असं तिनं डोळ्यांनी सांगितलं. मुलांना बाल्कनी हवी, म्हणजे आम्ही नको. हे सगळं चालू असताना फोनवर उलटे सेकंद पळत होते. "वेळ संपली" असं झळकलं की पुन्हा पहिल्यापासून. अखेर तिसऱ्या रांगेतल्या सलग नऊ खुर्च्या घेतल्या आणि कोणी कुठे बसायचं ते तिथे जाऊन भांडायचं ठरलं.

"दर काय आहे?" आईनं विचारलं.

"पाचशे."

"सगळ्यांचे मिळून?"

काका गरजले, "अहो वहिनी, 8 जुलै 1921. मुंबईत संयुक्त 'मानापमान'. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या काळी लोकांनी शंभर रुपये मोजले एका तिकिटाला!"

"तुम्ही मोजणार आहात का आता?" काकूंनी विचारलं. काका ताबडतोब 2021च्याही पुढे आले आणि चष्मा शोधायला लागले.

पुण्यात रविवारचा प्रयोग दुपारी साडेबाराला असतो. ही वेळ ज्यानं शोधली त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं ते एकदा बघायला हवं. जेवून जावं तर भूक लागलेली नसते, येऊन जेवावं तर चार वाजतात. "जेवून जाऊ" आणि "येऊन जेवू" असे घरात दोन पक्ष पडले. तडजोड म्हणून दोन्ही ठरलं. सकाळी साडेदहाला वरण-भात आणि परतल्यावर पुरी-श्रीखंड. मधल्या वेळेची सोय म्हणून काकूंनी "मुलांसाठी" चिवड्याचा डबा घेतला. मुलांपैकी एक वीस वर्षांची आहे आणि दुसऱ्याला दाढी आली आहे. शिवाय नाट्यगृहात वातानुकूलन, म्हणून शाली, दोन स्वेटर आणि काकांची कानटोपी. मे महिना होता. डांबर वितळत होतं. वाहनतळावरच्या माणसानं आमच्या हातातले लोकरीचे कपडे पाहिले आणि पावती फाडताना आदरानं विचारलं, "बद्रिनाथहून का?"

इथपर्यंत सगळं आमच्या रीतीप्रमाणे चाललं होतं. मग मेहुण्यानं फोन काढला.

मेहुण्याला फोटोची खोड आहे. नाटकाच्या फलकाखाली, पायऱ्यांवर त्यानं आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं, एका अनोळखी मुलाच्या हातात फोन देऊन स्वतःही घुसला आणि कुणी काही म्हणायच्या आत तो फोटो 'गोतावळा' नावाच्या आमच्या गटावर टाकून मोकळा झाला. खाली लिहिलं, "पुन्हा एकदा संशयकल्लोळ! सहकुटुंब सहपरिवार." गटावर आमचे सगळे नातेवाईक आहेत. म्हणजे सहपरिवारातला जो परिवार फोटोत नव्हता, तोही होता.

आम्ही आत गेलो. तिसरी घंटा झाली. "आपले मोबाइल फोन बंद ठेवावेत" अशी सूचना झाली. त्यावर सगळ्यांनी शेजाऱ्याकडे संशयानं पाहिलं आणि आपापला फोन फक्त मुका केला. ऑर्गनचा सूर लागला, पडदा उघडला, नांदी सुरू झाली आणि आईनं हात जोडले. नांदीपुरतं आमच्या रांगेत एकमत असतं.

मुलगी संगीत नाटक पहिल्यांदाच पाहत होती. पहिल्या पदाला ती रंगून गेली. दुसऱ्याला माझ्या कानाशी आली.

"बाबा, हा दुसरा माणूस नुसता उभा का आहे?"

"ते पद ऐकतोय."

"पण पाच मिनिटं झाली. त्याला राग आलाय ना? निघून जात होता ना तो?"

"पद झाल्यावर जाईल."

आणि खरंच, संगीत नाटकात सगळ्यात कठीण काम गाणाऱ्याचं नसतं, न गाणाऱ्याचं असतं. गाणारा ताना घेतो, टाळ्या घेतो, वन्स मोअर घेतो. न गाणारा त्या सगळ्या वेळात हात कुठे ठेवावेत या विवंचनेत असतो. रागानं लालबुंद होऊन दाराकडे निघालेल्या माणसाला वन्स मोअर मिळाला की तो राग पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. पूर्वी म्हणे असे प्रयोग रात्रभर चालत. त्या काळच्या न गाणाऱ्या नटांचे पुतळे उभारायला हवे होते. वेगळा पुतळा घडवायचीही गरज पडली नसती.

आमच्या मागच्या रांगेत एक गृहस्थ होते. नाटक पाठ असलेली माणसं दोन प्रकारची असतात. काही जण नटाबरोबर वाक्य म्हणतात. हे गृहस्थ नटाच्या आधी म्हणत होते. फाल्गुनरावाच्या तोंडचा विनोद आम्हाला आधी मागून मिळायचा आणि मग पुढून. काका त्यांच्या पुढचे. ते विनोदाच्या दोन वाक्यं आधीच हसून घ्यायचे आणि प्रत्यक्ष विनोद आला की गंभीरपणे म्हणायचे, "घाईत घेतलं."

फाल्गुनराव आणि कृत्तिकेचं भांडण सुरू झालं की या नाटकात प्रेक्षागृह बघण्यासारखं होतं. मी मान वळवून पाहिलं. जिथे जिथे जोडपी होती तिथे तिथे कोपरं हलत होती. काकूंनी काकांना ढोसलं. पुढच्या रांगेतला एक माणूस गडगडून हसत होता आणि त्याची बायको मुळीच हसत नव्हती. आणखी पुढे एक बाई डोळे पुसत हसत होती आणि तिचा नवरा छताकडे पाहत होता. माझ्या बायकोनं हळूच म्हटलं, "अगदी वरच्या मजल्यावरचे, नाही?" वरच्या मजल्यावरचेही महिन्यापूर्वी याच प्रयोगाला येऊन गेले आहेत. ते काय म्हणाले असतील याचा मला अंदाज आहे. शंभराहून जास्त वर्षं हे नाटक चाललं आहे आणि इतक्या वर्षांत त्यात स्वतःला ओळखणारा माणूस अजून तिकीट काढायचा आहे.

तसबीर कृत्तिकेच्या हाती पडली आणि त्याच क्षणी आमच्या रांगेत पहिला फोन थरथरला. मग दुसरा. मग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत रांगच थरथरायला लागली. काकांना वाटलं तबला. त्यांनी मान डोलावली.

पदराआडून आईनं फोन उघडला. नाशिकच्या चुलत वहिनींचा निरोप होता. "काकू, गुडघा बरा झालेला बघून आनंद झाला." पुढे नमस्काराचे दोन हात. मागल्याच रविवारी नाशिकला त्यांच्याकडे बारसं होतं आणि आईनं "गुडघ्यानं धरलंय, पायरीसुद्धा चढवत नाही" असं सांगून पाहुणचार टाळला होता. मेहुण्याच्या फोटोत आई पाचव्या पायरीवर होती. हसत होती. एक पाय सहावीवर होता.

दुसरा निरोप नागपूरच्या मामींचा. "साडी ओळखीची वाटते." मेहुण्याच्या बायकोच्या अंगावर मोरपंखी साडी होती. ती मामींनी आईला दिली होती. आईनं ती माझ्या बायकोला दिली. बायकोनं दिवाळीला आपल्या भावजयीला दिली. साड्या अशा फिरतातच, घरोघरी फिरतात, पण त्या अंधारात फिरायच्या असतात. कुणी त्यांना फलकाखाली उभं करून त्यांचा फोटो काढायचा नसतो.

पण खरा बाँब पडला तो ठाण्याहून. ठाण्याच्या आत्यांनी फोटो मोठा करून पाहिला होता. पायऱ्यांच्या उजव्या टोकाला, आमच्या मागे, एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. आत्यांनी लिहिलं, "नाशिकच्या सुनेच्या वडिलांना बोलावलंत. व्याह्यांना बोलावलंत. सख्खी बहीण ठाण्याला असते, दीडशे किलोमीटरवर. चालू द्या." त्यावर नाशिककरांनी विचारलं, "आमचे व्याही पुण्यात आहेत? आम्हाला का नाही बोलले?" त्यावर नाशिकच्या सूनबाईंनी लिहिलं, "बाबा तर कोल्हापूरला गेलेत असं आई म्हणाली." आणि त्यानंतर पाच मिनिटं गटावर कुणीच काही लिहिलं नाही. रंगमंचावर फाल्गुनराव ओरडत होता. कोल्हापूरच्या दिशेनं फोन गेला असणार हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

मध्यंतर झालं. आम्ही बटाटेवड्याच्या रांगेत उभे असतानाच आत्यांचा फोन आला.

"नानाला दे."

नानाकाकांनी फोन कानाला लावला, धरला, थोडा लांब धरला आणि मग माझ्या हातात दिला.

"आत्या, ते कुणी व्याही नाहीत हो. अनोळखी माणूस आहे तो. फोटोत आलाय."

"मला शिकवू नकोस. लग्नात मी त्यांच्या पंक्तीला बसले होते. तेच कपाळ."

"आत्या, ते कपाळ नाही, टक्कल आहे."

"मग दे त्यांना फोन."

योगायोगाची कमाल अशी, की ते गृहस्थ आमच्याच पुढे रांगेत होते. मागच्या रांगेत बसून नटाच्या आधी वाक्यं म्हणणारे तेच. मी त्यांना परिस्थिती सांगितली. रसिक माणूस. त्यांनी वडा डाव्या हातात घेतला, घसा साफ केला आणि फोन घेतला.

"नमस्कार. मी नाशिकचा नाही, कोल्हापूरचा नाही. मला मुलगीच नाही, त्यामुळे मी कुणाचाही सासरा नाही." मग जरा ऐकून म्हणाले, "हो, मुलगा आहे." आणखी ऐकून म्हणाले, "एकतीस." मग बराच वेळ ऐकून म्हणाले, "पत्रिका आहे, पण जवळ नाही." तिसऱ्या घंटेला त्यांनी फोन परत दिला. आत्यांचा आवाज साखरेत घोळलेला होता. "माणसं चांगली आहेत. आपल्या मोठ्या जावेच्या भाचीसाठी बघते. तुम्ही बसा निवांत."

उत्तरार्धात वरण-भातानं आपलं काम केलं. कानटोपीत काका झोपले. मात्र प्रत्येक पदाच्या शेवटी बरोबर समेला त्यांचा उजवा हात वर जायचा, "वा!" असा उद्गार यायचा आणि हात पुन्हा मेहुण्याच्या मांडीवर पडायचा. झोपेतही सम न चुकणं ही घराण्याची पुण्याई. चिवड्याचा डबा काकूंनी नेमका आश्विनशेठच्या हळुवार पदाला उघडला. डबा पितळी होता. तो सुरात उघडला असं काका नंतर म्हणाले.

आणि मी? मी शालीच्या आत फोन धरून तो फोटो बोटांनी मोठा करत होतो. व्याह्यांसाठी नव्हे. फोटोत सगळे समोर बघत होते आणि माझी बायको एकटीच डावीकडे बघून हसत होती. असं हसू मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. डावीकडे कोण होतं? फोटो तिथेच संपत होता. मी फोटो वाकडा केला, तिरपा केला, उजेड वाढवला. रंगमंचावर संशय फिटायला आले होते. फाल्गुनरावाची चूक उमगून सभागृह हसत होतं. त्यात मीही जोरात हसलो. माणूस किती वेडा असू शकतो, नाही?

पुरी-श्रीखंडाच्या वेळी मी सहज विचारावं तसं विचारलं, "फोटोत तू डावीकडे कोणाकडे बघून हसत होतीस?"

"वड्याच्या पाटीकडे," बायको म्हणाली. "दर वाचला, म्हणून हसले." आणि दुसरी पुरी वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही पोट आत घेऊन कोणासाठी उभे होतात ते मी विचारलं का?"

मुलगी म्हणाली, "बाबा, वन्स मोअर."

संध्याकाळपर्यंत गटावरचं वातावरण निवळलं. कोल्हापूरचे व्याही कोल्हापुरातच सापडले, पण त्यांनी पन्हाळ्याला जायची गोष्ट घरी सांगितली नव्हती असं बाहेर आलं. ती नवी तसबीर आता वेगळ्या घरात फिरते आहे, आमचा तिच्याशी संबंध नाही. आईनं नाशिकला फोन करून गुडघ्याचा चमत्कार नव्या तेलाच्या नावावर घातला. आता नाशिकला तेलाची बाटली पाठवावी लागणार आहे, आणि असं तेल आमच्याकडे नाही. मोरपंखी साडी मेहुण्याच्या बायकोनं आईला परत केली, आईनं ती नागपूरला पाठवायला काढली आणि बायकोनं थांबवली. परत पाठवली तर मामींना पक्कं कळेल. आणि आत्यांनी कळवलं की पुढच्या प्रयोगाला त्या येणार आहेत, ठाण्याहून सहा जण, शिवाय मुलाकडची दोन माणसं, म्हणजे त्या निमित्तानं बघण्याचा कार्यक्रमही उरकेल. तिकिटं अर्थात मी काढायची आहेत.

तेव्हा वाचकहो, 'संशयकल्लोळ' तुमच्या गावात लागलं तर जरूर जा. पाहिलेलं असेल तर पुन्हा जा. नव्या पिढीला न्या आणि पदाच्या वेळी नुसत्या उभ्या राहणाऱ्या नटाला एक टाळी जास्त द्या. फक्त फलकाखाली उभं राहून फोटो काढू नका. काढलाच तर पाठवू नका. आणि अगदी राहवतच नसेल, तर रिकाम्या इमारतीचा पाठवा. इमारतीला नातेवाईक नसतात.